पुस्तकांच्या पेटीतला माणूस

बँकेत असताना मोठ्या कर्जाच्या फायलीला पॅनेलवरच्या वकिलाचे लेखी मत जोडलेले असे. ते वाचण्याआधी ते कोणी मागवले आहे ते पाहावे, ही सवय मला नोकरीने लावली. निवृत्तीनंतर आंतरराष्ट्रीय संबंध आणि राज्यविचार यांची पुस्तके हौसेने वाचू लागलो. ज्याला वगळून या अभ्यासात पुढे जाताच येत नाही, त्या ह्यूगो ग्रोशियसचे एक गाजलेले पुस्तक मुळात असेच अशिलासाठी लिहिलेले मत होते, हे तेव्हा कळले आणि मी चमकलो.

ग्रोशियस १० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथे जन्मला. अकराव्या वर्षी तो लायडन विद्यापीठात दाखल झाला, पंधराव्या वर्षी डच शिष्टमंडळाबरोबर फ्रान्सच्या राजाला भेटून आला आणि लगोलग हेगमध्ये वकिली करू लागला. १६०३ साली सिंगापूरजवळ हेमस्कर्क या डच कप्तानाने 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यावरचा माल अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात तीस लाखांहून अधिक गिल्डरला गेला. डच ईस्ट इंडिया कंपनी आदल्याच वर्षी स्थापन झाली होती. तिच्या काही भागधारकांना हा लुटीचा पैसा पटेना. तेव्हा कंपनीने या एकवीस वर्षांच्या वकिलाला गाठले.

त्याने लिहिलेल्या दीर्घ निबंधातले एक प्रकरण १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने छापले गेले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. समुद्र हवेसारखा आहे, त्याला कुंपण घालता येत नाही, म्हणून तो कोणाच्या मालकीचा नाही, हा त्यातला गाभा. पूर्वेकडच्या देशांना त्यांचे स्वतःचे राजे आहेत; ते ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्यांचा मुलूख पोर्तुगीजांचा होत नाही आणि पोपलाही तो दान करता येत नाही, असेही त्याने मांडले. आपल्याला हे वाचून बरे वाटते. कारण त्याच काळात गोव्यात बसलेले पोर्तुगीज अरबी समुद्रातल्या जहाजांवर 'कार्ताझ' नावाच्या परवान्याची सक्ती करत होते आणि आदिलशाही, निजामशाही बंदरांतल्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती. पण हे मत आपल्यासाठी लिहिलेले नव्हते. ते कंपनीसाठी होते.

याचा पडताळा लवकरच आला. १६१३ मध्ये डचांच्या वतीने ग्रोशियस लंडनला वाटाघाटींसाठी गेला. मसाल्याच्या बेटांवर आम्हालाही व्यापार करू द्या, समुद्र सर्वांचा आहे, असे इंग्रज म्हणू लागले. आणि आधाराला त्यांनी त्याचेच पुस्तक काढले! त्यावर बेटांवरच्या सरदारांनी आमच्याशी करार केले आहेत, ते पाळलेच पाहिजेत, अशी बाजू त्याला मांडावी लागली. बंदुकीच्या धाकात झालेल्या कराराला करार म्हणायचे का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवणारी माणसे मी टेबलापलीकडे बसलेली पाहिली आहेत. त्यामुळे ग्रोशियसच्या चरित्रातले हे पान मला भराभर उलटता येत नाही.

मग त्याच्याच देशात त्याचे दिवस फिरले. धर्ममतांच्या भांडणात राज्यातली दुफळी विकोपाला गेली आणि १६१८ च्या ऑगस्टमध्ये मॉरिस राजपुत्राने त्याला पकडले. त्याचे ज्येष्ठ सहकारी ओल्डनबार्नवेल्ट यांचा पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला. ग्रोशियसला लूव्हेस्टाइन किल्ल्यात जन्मठेप मिळाली. बायको मारियाही तिथेच राहू लागली. त्याच्यासाठी पुस्तकांची एक मोठी पेटी ये-जा करत असे. सुरुवातीला पहारेकरी ती उघडून पाहत, पुढे कंटाळले. मारियाने ते हेरले. २२ मार्च १६२१ रोजी पुस्तकांऐवजी नवराच पेटीत बसला. शिपायांनी पेटी उचलून नावेत ठेवली, सोबत घरची मोलकरीण गेली आणि मारिया किल्ल्यात मागे राहिली. गवंड्याच्या वेषात ग्रोशियस अँटवर्पला आणि तिथून पॅरिसला पोचला.

त्याच वर्षी त्याच कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी, करार मोडल्याचे निमित्त करून, बांडा बेटे जिंकली. तिथले बहुतेक रहिवासी मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले.

पॅरिसमध्ये फ्रेंच राजाचे निवृत्तिवेतन वेळेवर मिळत नसे. त्या ओढगस्तीत १६२५ साली त्याने 'युद्ध आणि शांतता यांचा कायदा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. युद्धाला न्याय्य कारण लागते, युद्ध सुरू झाले तरी कायदा संपत नाही, बायका-मुले, शेतकरी आणि शरण आलेले यांना वाचवले पाहिजे, असे त्याने शेकडो पाने लावून सांगितले. यातली काही मते आज खटकतात. गुलामगिरीलाही त्याने थारा दिला आहे. पण या वेळी मागे कोणी अशील नव्हते. हा फरक पानोपानी जाणवतो.

पुढे तो पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत झाला. १६४५ साली स्वीडनहून परतताना त्याचे जहाज फुटले. कसाबसा किनाऱ्याला लागलेला तो माणूस २८ ऑगस्टला रोस्टॉकमध्ये वारला. ज्याने आयुष्यभर समुद्राचा कायदा सांगितला, त्याला समुद्राने सवलत दिली नाही.

'मुक्त समुद्र' हे तत्त्व मात्र कंपनीच्या हातून निसटले. खुला समुद्र कोणाचाच नाही, हे आज १९८२ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सागरी करारात नमूद आहे. स्वार्थापोटी मागवलेले मतही एकदा लिहिले गेले की मागवणाऱ्याच्या विरुद्ध वापरता येते, हे इंग्रजांनी १६१३ मध्येच दाखवून दिले होते. दुबळ्यांना हाती धरता येते ती बाजूही हीच. फक्त बांड्याच्या लोकांना ते पुस्तक वाचायला मिळाले नाही.

डेल्फ्टच्या नव्या चर्चमध्ये ग्रोशियस पुरला आहे. त्याच छपराखाली त्याला तुरुंगात टाकणारा मॉरिसही आहे. ती पेटी आपल्याकडेच आहे, असे हॉलंडमधली एकाहून अधिक संग्रहालये सांगतात. खरी कोणती, याचे वकिली मत अजून तरी कोणी मागवलेले दिसत नाही.