न पाठविलेला अहवाल

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झालेला जन्म, कोलंबिया व लंडन येथील अध्ययन, 1927 चा महाडचा सत्याग्रह हे सारे आमच्या वसतिगृहातील मुलांना मुखोद्गत आहे. त्यांच्या एका निर्णयाची चर्चा मात्र क्वचितच होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याचे स्मरण करीत आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. 1946 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी त्यापुढे आपली कैफियत मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांच्या स्थितीवरील अहवालही त्यांनी सिद्ध केला. परंतु तो पाठविला नाही. संविधान सभेला व भावी संसदेला आधी संधी द्यावी, असे त्यांना वाटले.

ऑगस्ट 1947 मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संविधान सभेने 29 नोव्हेंबर 1948 रोजी स्वीकारले. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा त्यानंतर अकरा दिवसांनी आला. संविधानाने जगाकडे पाठ फिरविली नाही. अनुच्छेद 51 आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासण्यास सांगतो, तर आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार अनुच्छेद 253 संसदेला देतो. जगाचा न्याय देशात यावा, पण तो लोकप्रतिनिधींच्या संमतीने यावा, अशी ही रचना आहे.

1951 मध्ये मंत्रिपद सोडताना केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी त्या अहवालाचा उल्लेख केला आणि अनुसूचित जातींची स्थिती पूर्वीसारखीच असल्याची खंत व्यक्त केली. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे संसदेने 1989 मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. 2001 च्या डरबान परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला, तेव्हा तो देशांतर्गत विषय असल्याची भूमिका भारत सरकारने घेतली.

आमच्या जिल्ह्याने त्यानंतर 2013 मध्ये सोनई आणि 2014 मध्ये खर्डा पाहिले. बाबासाहेबांनी देशाच्या संविधानावर विश्वास टाकून तो अहवाल स्वतःजवळ ठेवला. त्या विश्वासाचे ऋण फेडण्याचे काम तलाठी कार्यालयापासून न्यायालयापर्यंत रोज करावे लागते. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यातला आपला वाटा उचलावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.