एकस्वाच्या कागदावरील जगदीशचंद्र

जगदीशचंद्र बोस यांची चरित्रे भारतीय भाषांतून पुष्कळ लिहिली गेली. त्यांपैकी बहुतेकांत ते आपल्या शोधाचे एकस्व नाकारणारे निरिच्छ ऋषी म्हणून उभे राहतात. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या अंकीय संग्रहात आज कोणालाही पाहता येणारा ७,५५,८४० क्रमांकाचा दस्तऐवज मात्र या प्रतिमेत सहजी बसत नाही.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेतच घातले. केंब्रिज व लंडन येथील शिक्षण संपवून १८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. युरोपीय सहकाऱ्यांहून कमी वेतन देऊ केल्याने त्यांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. अखेर सरकारने त्यांना मागील थकबाकीसह पूर्ण वेतन दिले. स्वतःच्या हक्काविषयी हा मनुष्य उदासीन नव्हता, हे यावरून ध्यानी यावे.

१० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. त्याच महिन्यात त्यांनी रवींद्रनाथांना जे पत्र लिहिले, त्यात एका धनाढ्य तारायंत्र कंपनीच्या मालकाची हकीकत आहे. हा गृहस्थ व्याख्यानापूर्वी एकस्वाचा अर्ज घेऊनच आला होता. बोसांनी त्याला नकार दिला. या लोभाच्या चक्रात एकदा सापडल्यास सुटका नाही, अशी धास्ती त्यांना वाटत होती. चरित्रकार बहुधा येथेच थांबतात. परंतु अमेरिकेतील अर्जाची तारीख आहे ३० सप्टेंबर १९०१, म्हणजे अवघ्या साडेचार महिन्यांनंतरची!

या बदलामागे स्नेह्यांचा आग्रह होता, विशेषतः विवेकानंदांच्या शिष्या सारा बुल यांचा. शिशाच्या खनिजाच्या, गॅलेनाच्या, स्फटिकाद्वारे विद्युत्‌तरंगांचा वेध घेणाऱ्या या साधनाला २९ मार्च १९०४ रोजी एकस्व मिळाले, आणि त्यातील निम्मा हक्क सारा बुल यांच्या नावे नोंदला गेला. अर्धवाहक साधनांच्या इतिहासात हा कागद आद्य नोंदींपैकी एक मानला जातो. बोसांनी त्याचा व्यापारी उपयोग केला नाही.

तेव्हा नकार खरा, आणि अर्जही खरा. माझ्या मते दुसऱ्यामुळे पहिल्याचे मोल उणावत नाही. उलट, तो नकार जन्मजात वैराग्यातून नव्हे, तर द्विधा मनःस्थितीतून घडत गेला, असे दिसते. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी बसू विज्ञान मंदिर स्थापन करताना, येथील शोधांची एकस्वे घेतली जाणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले. तो त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता. हा निर्णय घेणाऱ्याने एकस्व म्हणजे काय, हे स्वतः अनुभवले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. एकस्वाची भाषा दाव्यांची असते. प्रत्येक वाक्य आपल्या मालकीभोवती कुंपण घालते. बोसांचे बंगाली गद्य याच्या अगदी उलट: जड आणि चेतन यांमधील कुंपणेच ते काढून टाकू पाहते. अमेरिकन एकस्वाची सतरा वर्षांची मुदत १९२१ मध्ये संपली. त्यांच्या बंगाली लेखांचा ‘अव्यक्त’ हा संग्रह प्रसिद्ध झाला तोही त्याच वर्षी.