फुटबॉलपटु उंबेर्तो कालिगारिस

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. गोल होऊं न देणारा मात्र बहुधा विस्मरणांत जातो. आमच्या शाळेच्या मैदानावरहि प्रत्येकास फॉरवर्ड व्हावयाचें असतें, आणि बॅकची जागा ज्यास दुसरी मिळाली नाहीं त्याच्या वांट्यास येते. म्हणून ह्या अंकांत एका बॅकचेंच चरित्र सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

उंबेर्तो कालिगारिस ह्याचा जन्म ता. २६ जुलै १९०१ रोजीं उत्तर इटलींत काझाले मोनफेर्रातो येथें झाला. पो नदीकाठचें हें लहानसें शहर सिमेंटच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. येथील फुटबॉल संघाची हकीकत विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी. हा संघ १९०९ सालीं राफाएले जाफे नांवाच्या शिक्षकांनीं आपल्या विद्यार्थ्यांना हाताशीं धरून स्थापिला. शेजारच्या वेर्चेल्लीचा बलाढ्य संघ पांढरा सदरा घाली, म्हणून ह्यांनीं काळा सदरा व त्यावर पांढरा तारा पसंत केला. १९१३ सालीं ह्या संघानें इंग्लंडांतील रेडिंग ह्या धंदेवाईक संघास हरविलें, आणि पुढच्याच वर्षीं इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. जाफे हे यहुदी कुळांत जन्मलेले होते. दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं त्यांस आउश्विट्झच्या छावणींत नेलें व तेथेंच १९४४ सालीं त्यांचा अंत झाला. ज्या गृहस्थांनीं मुलांस खेळावयास शिकविलें त्यांचा शेवट असा व्हावा, हें लिहितांना आमची लेखणी अडखळते.

कालिगारिस १९१९ सालीं ह्या संघांत आला तेव्हां त्याच्या वैभवाचे दिवस सरले होते. पण दुबळ्या संघांतील बॅकला काम पुष्कळ असतें, आणि काम हाच त्याचा खरा गुरु झाला. १९२२ सालीं वयाच्या २० व्या वर्षीं त्याची इटलीच्या राष्ट्रीय संघांत निवड झाली.

त्या वेळचा खेळ आजच्याहून निराळा होता. गोलकीपरच्या पुढें दोनच फुलबॅक, त्यांच्यापुढें तीन हाफबॅक आणि मग पांच फॉरवर्ड, अशी रचना असे. त्यांतच १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढें देतांना तो घेणारा व गोललाइन ह्यांच्यामध्यें विरुद्ध बाजूचे तीन गडी असावे लागत. ते आतां दोन पुरे झाले. फॉरवर्डांना मोकळीक मिळाली, गोलांची संख्या वाढली, आणि सारा भार ह्या दोन बॅकांवर पडला. असा भार ज्यांनीं हंसतमुखानें वाहिला त्यांत कालिगारिस व त्याचा जोडीदार विर्जिनियो रोझेत्ता हे अग्रगण्य होत.

ही जोडी मोठी विजोड दिसे, आणि तेंच तिचें बळ होतें. उजवीकडील रोझेत्ता शांत. चेंडू कोठें येणार हें आधींच ताडून तो तेथें उभा राही. डावीकडील कालिगारिस म्हणजे निव्वळ आवेश! तो धांवे, उडी घेई, जमिनीवर घसरत जाऊन चेंडू हिरावून घेई. कपाळास पांढरा रुमाल बांधलेली त्याची मूर्ति प्रेक्षकांस दुरूनहि ओळखूं येई. दोघांच्या पाठीशीं जानपियेरो काँबी हा गोलकीपर उभा असे. इटलींतील लोक हीं तीन नांवें एका दमांत उच्चारीत. आपल्याकडे एखाद्या देवघरांतील मूर्तींचीं घ्यावीं तशीं, असें म्हटलें तरी चालेल.

१९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत इटलीनें तिसरा क्रमांक मिळविला. त्याच वर्षीं कालिगारिस काझाले सोडून तुरिनच्या युव्हेंटस संघांत गेला. तेथें १९३१ पासून १९३५ पर्यंत सलग पांच वर्षें अजिंक्यपद ह्या एकाच संघाकडे राहिलें, व ह्या पांचहि वर्षीं कालिगारिस संघांत होता.

एक यश मात्र त्याच्या हातीं येतां येतां राहिलें. १९३४ ची जागतिक स्पर्धा इटलींतच भरावयाची होती. मुसोलिनीच्या सरकारनें तिला आपल्या प्रतिष्ठेचा प्रश्न करून ठेविलें होतें. खेळाच्या मैदानांत असला व्यवहार आम्हांस कधींच रुचला नाहीं. स्पर्धेच्या आधीं, फेब्रुवारींत, तुरिन येथें ऑस्ट्रियानें इटलीवर ४-२ असा विजय मिळविला, आणि तो कालिगारिसचा राष्ट्रीय संघांतील शेवटचा सामना ठरला. संघाचे सूत्रधार वित्तोरियो पोत्सो ह्यांनीं स्पर्धेसाठीं निवडलेल्या २२ गड्यांत त्याचें नांव घातलें खरें, पण एकाहि सामन्यांत त्यास उतरविलें नाहीं. १० जूनला रोम येथें इटलीनें चेकोस्लोव्हाकियावर २-१ असा विजय मिळविला, तेव्हां बॅक म्हणून मोंझेल्यो व अल्लेमांदी खेळले. बारा वर्षें देशासाठीं राबलेल्या ह्या गड्यानें तो विजय मैदानाबाहेरून पाहिला. जुना मित्र काँबी हा त्या दिवशीं संघनायक होता.

१९३५ सालीं युव्हेंटस सोडून तो ब्रेशाच्या संघांत खेळाडू व शिक्षक अशा दुहेरी नात्यानें गेला. पुढें मोदेनाच्या संघाचें शिक्षकपद त्यानें सांभाळलें, आणि १९३९ सालीं युव्हेंटसनें त्यास परत बोलाविलें. मौज अशी कीं, ती जागा त्यापूर्वीं रोझेत्ताकडेच होती. जोडीदाराच्या हातून जोडीदाराच्या हातीं संघ आला. १९३९-४० च्या स्पर्धेंत युव्हेंटस तिसरा आला. त्याच उन्हाळ्यांत इटली महायुद्धांत उतरली.

ता. १९ ऑक्टोबर १९४० रोजीं तुरिन येथें युव्हेंटसच्या जुन्या खेळाडूंचा एक मैत्रीचा सामना होता. कालिगारिसहि खेळावयास उतरला. खेळतां खेळतांच त्यास अस्वस्थ वाटूं लागलें, आणि रक्तवाहिनीच्या विकारानें त्याच दिवशीं त्याचें प्राणोत्क्रमण झालें. वय अवघें ३९ वर्षांचें होतें.

राष्ट्रीय संघाकडून तो ५९ सामने खेळला होता. हा उच्चांक १९७१ पर्यंत अबाधित राहिला. तो मोडणारा जाचिंतो फाकेत्ती हाहि डाव्या बाजूचाच बॅक होता.