दादरच्या घरातला कारखाना आणि तीन रुपयांचा गल्ला

सुरतेत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमला तो अवघा तीन रुपयांचा. मुंबईत दुप्पट दर देऊन लोकांनी ज्या चित्रपटाला गर्दी केली होती, त्याच्याकडे सुरतकरांनी पाठ फिरवली. कारण उघड होते. नाटक मंडळ्या दोन आण्यांत सहा तासांचा खेळ दाखवीत आणि धुंडिराज गोविंद फाळके तीन आणे घेऊन प्रेक्षकाला दीड तासात घरी धाडीत. दर उतरवा, नाहीतर खेळ तरी लांबवा, असा सल्ला त्यांना मिळाला. फाळक्यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली.

धंद्यात पोळण्याचा त्यांचा अनुभव तोवर बराच मोठा होता. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, संस्कृत विद्येच्या घरात जन्मलेल्या या मुलाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतले आणि पुढे थोरल्या भावाच्या आधाराने वडोदरा गाठले. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत कलाभवन नुकतेच उभे राहत होते. तेथील प्राचार्य गज्जर यांनी या धडपड्या विद्यार्थ्याला छायाचित्रणाची प्रयोगशाळा मोकळी करून दिली आणि पुढे छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला पाठविले. पोटासाठी फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. वडोदऱ्यात परतून पुन्हा तोच व्यवसाय मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी समजूत गावात पसरलेली. माल चांगला असला तरी गिऱ्हाईकाच्या मनातली भीती गेल्याखेरीज विक्री होत नाही, याचा तो रोकडा अनुभव होता. मध्यंतरी आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. नाव लोकांच्या ध्यानात कसे राहावे याची जाण त्यांना तेव्हापासूनच असावी.

पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला ठसे आणि छपाईचा कारखाना काढला. रविवर्मा छापखान्याची कामे केली. पुढे कारखाना मुंबईला हलला, यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारीही झाली. भागीदारांशी मात्र पटले नाही. चाळिशी उलटलेला, दुसरा संसार आणि मुलेबाळे असलेला हा गृहस्थ छापखाना सोडून घरी बसला. अशाच रिकामपणात गिरगावच्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. त्यानंतर ते रोज कित्येक तास हलती चित्रे पाहत राहिले, इतके की डोळे अधू झाले आणि काही काळ उपचार घ्यावे लागले. बरे होताच त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला रवाना झाले. तेथून ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची तजवीज करून एप्रिलच्या आरंभी ते परतले.

यंत्र मिळाले, पण भांडवल नव्हते. सावकाराला पटवायचे तरी कसे? हिंदुस्थानात राहून कोणी एकट्याने कथापट काढील, यावर विश्वास ठेवायला तयार असलेली माणसे फारच थोडी होती. येथे फाळक्यांनी जे केले ते त्यांच्या साऱ्या खटाटोपात मला वाटते तसे कोणाही व्यवहारी माणसाला सर्वांत शहाणपणाचे वाटावे. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बीज फुटून त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावाची ही चिमुकली फीत त्यांनी निवडक मंडळींना बोलावून दाखविली. खर्च म्हणाल तर एक कुंडी, थोडी फीत आणि बराचसा धीर. कर्जाचा मार्ग त्या वेलाने मोकळा केला. मात्र ते कर्ज फुकट मिळाले नव्हते. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी गहाण पडले.

दादरच्या मुख्य रस्त्यावरील ‘मथुरा भवन’ हे बिऱ्हाड म्हणजेच ‘फाळके फिल्म्स’ कंपनी. आवारात काचेची एक छोटी खोली, आत अंधारखोली, आणि उरलेल्या जागेत नटांसह सारा संसार. कच्ची फीत छिद्रांवाचून येई. रात्री काळोखात ती हाताने यंत्रातून सरकवीत छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, चित्रित फीत धुणे ही कामे सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा त्याच बाई उन्हात पांढरी चादर ताणून उभ्या राहत, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. आणि सुमारे साठ माणसांचा स्वयंपाकही त्याच करीत. त्यांच्या नावाची पाटी कोठे लागली नाही. या उद्योगाच्या जमाखर्चात त्यांच्या श्रमाची किंमत मांडली असती, तर चित्रपटाला लागलेला पैसा कागदावर बराच वाढला असता.

नट मिळविण्यासाठी ‘इंदुप्रकाश’सारख्या वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. आले ते उमेदवार पाहून फाळके इतके हताश झाले की पुढच्या जाहिरातीत कुरूपांनी येऊ नये, अशी पुस्ती जोडावी लागली. तिचाही उपयोग होईना, तेव्हा पैसे वाया घालविणे थांबवून त्यांनी ओळखीपाळखीतून शोध आरंभला. स्त्रिया तर मिळेनातच. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात आचारी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले, दहाऐवजी पंधरा रुपये पगारावर. रोहिदासाची भूमिका घरच्याच भालचंद्राने केली. सिनेमात काम करतो म्हणणे तेव्हा लाजिरवाणे होते, म्हणून विचारणाऱ्याला हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगा, अशी सूचना मालकाने नटांना देऊन ठेवली होती. उत्तर खोटे नव्हते, हे विशेष.

सहा महिने सत्तावीस दिवसांनी ३७०० फुटांचा चित्रपट हाती आला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात प्रतिष्ठित नागरिक आणि वृत्तपत्रकार यांना निमंत्रण देऊन खास खेळ झाला. विकत घेता न येणारी प्रसिद्धी अशी आधीच पदरात पडली. मग ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये जाहीर खेळ सुरू झाले. जाहिरातीत चित्रपटाबरोबर नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू यांचाही समावेश होता. शेवटी दर दुप्पट असतील अशी स्पष्ट टीप होती. नवख्या मालाचा दर चढा ठेवण्याचे धाडस थोडेच जण करतात. खेळ भरून गेले.

मुंबईची ती पुण्याई सुरतेत उपयोगी पडली नाही, म्हणून तेथे नवी जाहिरात लिहिली गेली. तिच्यात सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सारे तीन आण्यांत, एवढाच मजकूर होता. कथा, देवधर्म, कलेची थोरवी यांचा उल्लेखही नाही. वेळेच्या हिशेबाने नाटकापुढे हरणारा खेळ त्यांनी छायाचित्रांच्या संख्येत मोजून दाखविला. हा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. एक फूट फितीत सोळा चित्रे मावतात; ३७०० फुटांत ती साठ हजारांच्या जवळपास होतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा प्रामाणिक होता. दोन मैल मात्र निव्वळ बढाई, कारण फीत पाऊण मैलही भरत नव्हती. पट्टी घेऊन मोजायला अर्थात कोणी आले नाही. गल्ला तीन रुपयांवरून तीनशेच्या वर गेला.

त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलली. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ निघाले. महायुद्धाने कच्ची फीत महाग झाली, सावकार मागे सरले. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने हात दिला, त्याच्या तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असे सांगतात. त्याच वर्षी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात कारखान्याचे आतले काम खुद्द मालकानेच पडद्यावर मांडले. १९१८ मध्ये भांडवलदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स’ स्थापन झाली. पैसा आला, पण छापखान्यातला जुना अनुभवही परत आला. मतभेद होऊन फाळके बाहेर पडले, काही काळ काशीला जाऊन राहिले, पुन्हा परतले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ प्रत एका गावाहून दुसऱ्या गावी बैलगाडीने नेताना उन्हाच्या तापाने जळाली, असे सांगितले जाते. फाळक्यांनी तो चित्रपट १९१७ मध्ये पुन्हा घेतला. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले आणि शेवटचे रीळ आहे. ते पहिल्या हरिश्चंद्राचे की दुसऱ्याचे, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. दादरच्या ज्या मुख्य रस्त्यावर हा सारा खटाटोप झाला, त्याला आता दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात.