सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स

मुलांनो, झोपाळ्यावर बसलेल्या लहान भावाला तुम्ही झोका दिला असेल. एकाच धक्क्याने झोपाळा उंच जात नाही. योग्य वेळी पुन्हा पुन्हा लहान धक्के दिले, की तो उंच जातो. हीच साधी युक्ती वापरून एका शास्त्रज्ञाने अणूचे अंतरंग शोधण्याचे यंत्र तयार केले. त्यांचे नाव अर्नेस्ट लॉरेन्स.

लॉरेन्स यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील कँटन या लहान गावी झाला. त्यांचे आईवडील शिक्षक होते. लहानपणी अर्नेस्टला रेडिओची यंत्रे जोडण्याचा छंद होता. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याने दारोदार फिरून ॲल्युमिनियमची भांडी विकली. पुढे १९२८ साली ते बर्कली येथील विद्यापीठात शिकवू लागले.

१९२९ साली एके दिवशी ग्रंथालयात त्यांच्या हाती एक जर्मन लेख आला. तो रॉल्फ विडरो या इंजिनिअरचा होता. लॉरेन्स यांना जर्मन नीट येत नव्हते. मुलांनो, एखादा शब्द अडला की तुम्ही पुस्तक मिटता का? लॉरेन्स यांनी मिटले नाही. त्यांनी आकृत्या लक्षपूर्वक पाहिल्या आणि लेखाचे मर्म ओळखले. सरळ नळीतून जाणाऱ्या कणांना विजेचे लहान लहान धक्के देऊन त्यांचा वेग वाढवता येतो, असे त्यात दाखवले होते. पण खूप वेग हवा असेल, तर नळीही खूप लांब लागणार! त्यांनी विचार केला, चुंबकाच्या साहाय्याने कणांना गोल फिरवले तर?

चुंबकाच्या दोन टोकांमध्ये कण गोल फिरतो. प्रत्येक फेरीत त्याला विजेचा धक्का मिळतो. त्याचा वेग वाढतो आणि फेरीही मोठी होते. तरी फेरीला लागणारा वेळ तेवढाच राहतो. म्हणून प्रत्येक धक्का नेमक्या वेळी बसतो. लॉरेन्स आणि त्यांचे विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी असे यंत्र बनवले. त्यालाच सायक्लोट्रॉन म्हणतात. जानेवारी १९३१ मध्ये चाललेले ते यंत्र तळहातावर मावेल एवढे होते. त्यातील कणांना ८०,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळाली. त्यानंतर एकाहून एक मोठी यंत्रे तयार झाली.

पण मोठे यंत्र असले म्हणजे मोठा शोध लागतोच असे नाही. १९३४ साली पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या पतिपत्नींनी कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला. असा किरणोत्सर्ग बर्कलीच्या यंत्रातही होत होता. मग तो दिसला का नाही? कारण सायक्लोट्रॉन आणि किरण मोजणारे उपकरण एकाच बटणावर चालत असे. यंत्र बंद केले, की मोजणारे उपकरणही बंद होई. पॅरिसची बातमी कळताच लॉरेन्स यांच्या सहकाऱ्यांनी जोडणी बदलली आणि थोड्याच वेळात त्यांना किरणोत्सर्ग आढळला. हातात आलेला शोध निसटला होता. पण लॉरेन्स खचले नाहीत. सायक्लोट्रॉनमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ तयार करून त्यांनी ते वैद्यकीय संशोधनासाठी दिले.

१९३९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या ज्ञानाचा उपयोग अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळे करण्याकडेही झाला. १९४५ साली हिरोशिमा शहर त्या बॉम्बने उद्ध्वस्त झाले. ज्ञानाने रोग बरा करता येतो आणि शहरही जाळता येते, हे आपण विसरता कामा नये.

२७ ऑगस्ट १९५८ रोजी लॉरेन्स यांचे निधन झाले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, २००८ साली, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे कणवेगवर्धक यंत्र सुरू झाले. त्यातही चुंबक कणांना वळवतात आणि विजेचे धक्के वेग देतात. कणांच्या टकरींवर मात्र हजारो शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. त्यामुळेच २०१२ साली तेथे हिग्ज बोसॉन हा कण सापडला. मुलांनो, यंत्र कितीही मोठे असो, पाहणारा माणूस जागा हवा.