शाळा दीड दिवसाची, तरी अण्णा भाऊ साठेंनी तीसहून जास्त कादंबऱ्या कशा लिहिल्या?

काही सुचत नाही, डोकंच चालत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो. मग कुणीतरी क्रिएटिव्हिटीच्या कोर्सची लिंक पाठवतं. पण सातारा-सांगलीकडच्या एका माणसाने असला कुठलाच कोर्स न करता तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. कथा, पोवाडे आणि वग वेगळेच. तो माणूस म्हणजे अण्णा भाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता ते सांगलीच्या वाळवा तालुक्यात येतं. घर मांग समाजातलं. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे या समाजातल्या कित्येकांना काही गुन्हा नसताना पोलिसांकडे हजेरी लावावी लागायची. अशात शाळा कुठली टिकणार? अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, असंच आजही सांगितलं जातं.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पोट भरायला हे कुटुंब वाटेगावातून चक्क चालत मुंबईला गेलं. तिथे अण्णा भाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केलं. आणि रस्त्यावरून जाता-येता ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर वाचायला शिकले. एकेक अक्षर जुळवत शब्द लावायचा, हाच त्यांचा पहिला धडा. याला त्यांनी व्यायाम वगैरे नाव दिलं नव्हतं. पण शब्द वहीत यायच्या आधी रोजच्या रस्त्यावर भेटतो, हे त्यांना तिथेच कळलं.

दुसरी गोष्ट, ओळखीच्या साच्यात नवा शब्द बसवणं. तमाशा त्यांना लहानपणापासून माहीत होता. गण, गवळण, बतावणी, वग हा त्याचा ठरलेला क्रम. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिथे गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि हुतात्मे आले, वगात कामगार आणि शेतकरी आले. साचा जुनाच होता, म्हणून लोक ऐकायला बसले. आतला माणूस बदलला होता, म्हणून लोक विचार करत घरी गेले.

माझी मैना ही छक्कड तर सगळ्यांना माहीत आहे. वरवर बघितलं तर मुंबईत आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच मैनेचा अर्थ बेळगाव, कारवार, निपाणी असा झाला. एकाच शब्दाने दोन विरह सांगितले.

तिसरी गोष्ट, लांबचे दोन शब्द शेजारी बसवणं. त्यांच्या एका कथेचं नावच बघा, स्मशानातील सोनं. स्मशान कुठं आणि सोनं कुठं! नाव वाचताच प्रश्न पडतो आणि त्या प्रश्नातच कथा आहे. खाणीतलं काम सुटलेला भीमा मुंबईत पोट भरण्यासाठी चितेच्या राखेत सोनं शोधू लागतो. पुढचं कथेतच वाचा.

गंमत म्हणजे इटलीचे बालसाहित्यिक जानी रोदारी यांचा जन्मही १९२० चाच. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, एकत्र आणले की गोष्ट सुरू होते, हा खेळ त्यांनी १९७३ च्या पुस्तकात समजावून सांगितला. जगभरातल्या शिक्षकांनी तो उचलला.

पण अण्णा भाऊंसाठी शब्द हा नुसता खेळ नव्हता. कायद्याने त्यांच्या माणसांना गुन्हेगार हा शब्द चिकटवला होता. १९५९ च्या फकिरा कादंबरीत त्यांनी तोच शब्द उलटा फिरवला. दुष्काळात उपाशी गावासाठी धान्य लुटणारा फकिरा वाचताना खरा गुन्हेगार कोण, हे वाचकालाच ठरवावं लागतं. १९६१ मध्ये या कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. तरी गरिबी काही सुटली नाही. १८ जुलै १९६९ ला ते गेले, तेव्हा वयाची ४९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आता तुमची पाळी. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना मोबाईल पाच मिनिटं खिशात ठेवा. समोरच्या पाट्यांवरचे दोन शब्द निवडा, एकमेकांशी काहीच नातं नसलेले. ते एका वाक्यात बसवा. मग ओळखीच्या एखाद्या गाण्याच्या चालीवर आपल्या गल्लीतल्या माणसाबद्दल दोन ओळी जुळवा. शेवटी, तुमच्याबद्दल लोक सहज वापरतात असा एखादा शब्द घ्या आणि त्याचा अर्थ तुम्ही स्वतः लिहा. पहिल्या दिवशी जमणार नाही. आठवडाभर करून बघा.