तीन आण्यांत दोन मैल

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाजवळ त्र्यंबकेश्वर हे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. तेथे दाजीशास्त्री फाळके या विद्वान गृहस्थांच्या घरी ३० एप्रिल १८७० रोजी एका मुलाचा जन्म झाला. मुलाचे नाव धुंडिराज. घराण्याची परंपरा पाहता त्याने संस्कृत विद्या संपादन करावी आणि वडिलांप्रमाणेच शास्त्री म्हणून लौकिक मिळवावा, हे स्वाभाविक होते. परंतु या मुलाचे मन पोथ्यांपेक्षा रंग, चित्रे आणि हातांनी करावयाच्या खटपटींत अधिक रमे. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराजने तेथील प्रसिद्ध जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला, छायाचित्रण आणि इतर अनेक कलांचा अभ्यास केला. हाच धुंडिराज पुढे दादासाहेब फाळके या नावाने ख्यातनाम झाला.

विद्या अंगी आली, तरी तिच्यावर पोट भरणे ही निराळीच गोष्ट असते. दादासाहेबांनी प्रथम गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. तेथे असतानाच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल यांचा अंत झाला. दुःखी अंतःकरणाने ते बडोद्यास परतले व तेथे त्यांनी पुन्हा तोच व्यवसाय सुरू केला. हाती कसब होते, यंत्र उत्तम होते. पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. कारण असे की, छायाचित्र काढणारे यंत्र माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेते आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी वदंता शहरभर पसरली होती. ज्या दुकानात गेल्याने आयुष्य कमी होते, त्या दुकानात पैसे देऊन कोण जाणार? व्यवसाय बसला. मालाविषयी लोकांच्या मनात काय आहे, हे मालाच्या गुणाइतकेच महत्त्वाचे असते, याचा हा कडू अनुभव दादासाहेबांना तारुण्यातच आला.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी अनेक उद्योग केले. नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. जादूचे प्रयोग शिकून तेही करून दाखविले. जादूगार म्हणून लोकांपुढे येताना त्यांनी आपले नाव प्रोफेसर केळफा असे ठेवले होते. आपल्या आडनावाची अक्षरे उलट्या क्रमाने मांडून त्यांनी हे नाव तयार केले होते. ते कानावर पडताच कोणी परदेशी किमयागार असावा, असा ऐकणाऱ्याचा समज होई. पुढे १९०३ साली त्यांना पुराणवस्तू संशोधन खात्यात नोकरी मिळाली, पण तीही त्यांनी तीन वर्षांत सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम या छापखान्यात होत असे. पुढे छापखाना मुंबईस दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्याकरिता दादासाहेब १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि भरभराटीस आलेला हा उद्योग त्यांनी सोडून दिला. वयाची चाळिशी उलटली होती आणि हाती काहीच नव्हते.

अशा स्थितीत १९११ च्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची आकृती हालत होती, पण दादासाहेबांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा, आपल्याच देशातील माणसांनी अशा रीतीने पडद्यावर का दाखवू नयेत? या विचाराने त्यांना झपाटले. मिळतील ती पुस्तके वाचून आणि मिळतील ते चित्रपट पाहून त्यांनी रात्रंदिवस अभ्यास चालविला. अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली, पण योग्य उपचारांनी ती परत आली. विमापत्र गहाण ठेवून त्यांनी प्रवासखर्चाची सोय केली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे हे तंत्र प्रत्यक्ष पाहून आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा मागवून ते दोन महिन्यांत स्वदेशी परतले.

आता भांडवल हवे होते. पण ज्याने चित्रपट कसा तयार होतो हे कधी पाहिलेच नाही, तो सावकार त्यावर पैसे कसे लावील? तोंडाने कितीही वर्णन केले, तरी त्याचा उपयोग होणार नाही, हे दादासाहेब जाणून होते. बडोद्याचा अनुभव ते विसरले नव्हते. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. दररोज ठराविक वेळी ते त्या कुंडीचे चित्र घेत. माती फोडून अंकुर वर आला, त्याला पाने फुटली, वेल वाढू लागला. कॅमेरा मात्र जागचा हालला नाही. सुमारे महिनाभराने ही सर्व चित्रे त्यांनी एकापाठोपाठ एक पडद्यावर दाखविली, तेव्हा महिन्याची वाढ एका मिनिटात पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडली. बीजाचा वेल होताना कोणी पाहिला होता? छायाचित्रणाच्या साहित्याचे एक व्यापारी, यशवंतराव नाडकर्णी, हे पाहून थक्क झाले आणि त्यांनी दादासाहेबांना पैसा देण्याचे मान्य केले. एका कुंडीने जे काम केले, ते शंभर पानांच्या पत्रकाने झाले नसते.

पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. पात्रे मिळविण्याकरिता वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. पहिल्या जाहिरातीला उत्तरे पुष्कळ आली, पण आलेल्या मंडळींपैकी बहुतेकांचा चेहरा राजाचा तर नव्हेच, प्रधानाचाही नव्हता. तेव्हा दुसऱ्या जाहिरातीत दादासाहेबांनी असे स्पष्ट छापले की, ज्याचा चेहरा देखणा असेल त्यानेच यावे, इतरांनी तसदी घेऊ नये. तरीही फारसा लाभ झाला नाही. आपण कुरूप आहोत असे मानणारा मनुष्य विरळाच, हे त्या वेळी दादासाहेबांच्या ध्यानात आले नसावे! स्त्रीपात्रांची तर याहून बिकट अवस्था होती. चित्रपटात काम करणे हे त्या काळी इतके हीन मानले जाई की, एकही स्त्री पुढे येईना. अखेरीस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना दादासाहेबांनी पाहिले. त्यांची सडपातळ अंगकाठी आणि नाजूक हात पाहून महिना १५ रुपये पगारावर त्यांना तारामतीची भूमिका देण्यात आली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रेय दामोदर दाबके यांनी, तर रोहिदासाचे काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केले. कोणी विचारले, तर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, अशी सूचना सर्व मंडळींना देण्यात आली होती. कारखान्यातील नोकरी ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. घरी मंडळींचा स्वयंपाक करण्यापासून फितीला छिद्रे पाडण्यापर्यंतची असंख्य कामे दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी केली.

हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी खुला झाला. वर्तमानपत्रातील जाहिरातीत, हा हिंदुस्थानात तयार झालेला पहिला चित्रपट असून त्यासाठी अफाट खर्च आला आहे, असे आवर्जून सांगितले होते. पण केवळ एवढ्यावर विसंबून चालणार नव्हते. म्हणून चित्रपटाबरोबर नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचे खेळही ठेवले होते. मुंबईच्या लोकांना चित्रपट आवडला आणि तो तेथे २३ दिवस चालला.

खरी परीक्षा पुढे होती, आणि ती सुरतेस झाली.

सुरतेच्या लोकांना नाटकाचे मोठे वेड. दोन आणे दिले की रात्री सहा सहा तास चालणारे नाटक पाहावयास मिळे, त्यात गाणी असत, संवाद असत, पोशाखांचा झगझगाट असे. दादासाहेबांचा चित्रपट मात्र मुका, अवघ्या तास-दीड तासाचा आणि त्याला तीन आणे! हिशेबी गुजराती प्रेक्षकाला हा सौदा पटला नाही. पहिल्या दिवशीची मिळकत होती तीन रुपये. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सगळी तिकिटे तीन आण्यांची धरली, तर नाट्यगृहात सोळा माणसे होती. नाट्यगृहाचा चालक घाबरला. खेळ लांबवावा किंवा तिकीट उतरवावे, असा आग्रह त्याने धरला. यांपैकी पहिले करणे शक्य नव्हते आणि दुसऱ्याने नुकसानच झाले असते.

दादासाहेबांनी निराळाच विचार केला. प्रेक्षक मोजतो, हे खरे. पण तो तास मोजत आहे. त्याला दुसरे काहीतरी मोजावयास दिले तर? त्यांनी नवी जाहिरात काढली. अवघ्या तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे पाहावयास मिळतील, पाऊण इंच रुंदीचे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल, असा तिचा आशय होता. त्या काळी एक छायाचित्र काढून घ्यावयाचे तर चांगले पैसे पडत. येथे तीन आण्यांत ती हजारोंनी मिळत होती! नाटकाच्या दोन आण्यांशी होणारी तुलना एका फटक्यात मागे पडली. लोकांची रीघ लागली आणि एका दिवसाची मिळकत तीनशे रुपयांवर गेली, असे चित्रपटांच्या इतिहासात नमूद आहे. चित्रपटात एक फूटही भर पडली नव्हती, तिकिटाची किंमत एक पैनेही उतरली नव्हती.

चौकस विद्यार्थ्याने या जाहिरातीचा हिशेब करून पाहावा. फितीवरील प्रत्येक चित्र पाऊण इंच उंचीचे असते, म्हणजे एका फुटात सोळा चित्रे बसतात. या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. गुणाकार केला, तर ५९,२०० हा आकडा येतो. तेव्हा ५७,००० छायाचित्रांची गोष्ट खोटी नव्हती, उलट दादासाहेबांनी थोडे हात राखूनच सांगितले होते. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. ३,७०० फूट फीत अंथरली तर पाऊण मैलही भरत नाही. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या चित्रपटाची जाहिरात, आणि तिच्यात मैलामागे असे माप! प्रेक्षकांनी काही फीत मोजली नाही आणि कोणी तक्रारही केली नाही. तरीही हे दोन मैल नसते, तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. ५७,००० ही संख्या खरी होती आणि लोकांना चकित करावयास ती पुरेशी होती.

त्यानंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले आणि एकामागून एक चित्रपट काढले. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला यांनी काम केले, त्यामुळे स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची अडचण काही अंशी दूर झाली. १९१७ सालच्या लंकादहनात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटास एवढी गर्दी होई की, मद्रासला तिकिटांचे पैसे बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावे लागले. पडद्यावरची ही किमया कशी घडते याविषयी लोकांना कुतूहल होते. ते जाणून दादासाहेबांनी चित्रपट कसे तयार करतात, हे दाखविणारा एक लहान चित्रपटही काढला. वाटाण्याच्या वेलाचीच ही पुढची पायरी होती. ज्या यंत्राच्या भयाने बडोद्याचे दुकान ओस पडले होते, तेच यंत्र आता ते उघडून लोकांना दाखवीत होते.

१९१८ साली त्यांनी भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन केली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे तिचे चित्रपट खूप गाजले. कालियामर्दनात बाळकृष्णाचे काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले होते. पण याही वेळी भागीदारांशी पटले नाही आणि दादासाहेब काही काळ सर्व सोडून काशीस जाऊन राहिले. ते परत आले, तरी काळ पालटत होता. १९३१ साली बोलपट आला. मुक्या चित्रांना बोलके करणारा हा भाषा आणि तंत्र यांचा नवा संसार सत्तरीकडे झुकलेल्या दादासाहेबांना सहज पेलण्यासारखा नव्हता. १९३७ साली त्यांनी कोल्हापूरच्या एका कंपनीसाठी गंगावतरण हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

त्यांची अखेरची वर्षे नाशिकला गेली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. राजा हरिश्चंद्राच्या काही रिळा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करून ठेवल्या आहेत.